सोळा बोअरचा पट्टा

आमच्या यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही. लंडनजवळच्या स्लाऊच्या गोदामात एकतीस वर्षं माल मोजण्यात गेली, आता घरातले चमचे मोजतात. त्यामुळे शुक्रवारी सकाळी हे जिन्याखालच्या कपाटापुढून उठून म्हणाले, "वैजू, तेराच आहेत. चौदा होती," तेव्हा मोजण्यात चूक असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चौदा म्हणजे काडतुसं. गोदामातले यांचे जुने साहेब रॉन गेले, त्यांनी जाताना आपली बंदूक यांच्या नावे ठेवली. रीतसर लायसन्स काढून हे महिन्यातून दोनदा क्लबवर जातात आणि हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडतात. पक्ष्याला हात लावायचा नाही, ही माझी अट. पण ही बंदूक सोळा बोअरची. बोअर म्हणजे नळीचं माप. आकडा वाढला की नळी बारीक. सगळं जग बारा नाहीतर वीस बोअर वापरतं, त्यामुळे सोळाला काही मिळत नाही. साफ करायचा ब्रश अमेरिकेतून यायचाय, त्याला तीन महिने झाले. सरावाची नकली काडतुसं नाहीत. कमरेचा पट्टा तर कुठेच नाही. हे एकेका दुकानाला फोन लावतात, तिकडून "ट्वेल्व्ह आहे, ट्वेंटी आहे," असं ऐकतात आणि थँक्यू म्हणून ठेवतात. आमची मुलगी तनू इथेच जन्मलेली, ती हसते. "बाबाचा बंदूक सोवळ्यातला आहे. दुसऱ्याचं काही चालतच नाही त्याला."

शेवटी यांनी बारा बोअरचा पट्टा आणला. त्याच्या कप्प्यांत सोळाची काडतुसं सैल बसायची, म्हणून प्रत्येक कप्प्यात कापडाची पट्टी घडी करून कोंबली.

बुधवारी खंडेनवमी होती. घरात शस्त्र आहे तर पूजा हवी, असं मी म्हटलं. बंदुकीला ओलं गंध लागलं तर गंजेल म्हणून यांनी ती कपाटातून काढली नाही. "पट्ट्याची कर," म्हणाले आणि काडतुसांसकट पट्टा चौरंगावर ठेवून आंघोळीला गेले. मी झेंडू वाहिला, गंध लावलं, नैवेद्य दाखवला. दसऱ्याच्या संध्याकाळी निर्माल्य पिशवीत भरून मंडळात मिलिंदरावांकडे दिलं. ते पिनरला राहतात. सगळ्यांचं निर्माल्य गोळा करून बागेतल्या यंत्रात बारीक करतात आणि त्याचं खत करतात.

शुक्रवारी आम्ही सोफा उलटा केला, गाडीच्या सीटखाली हात घातले. दुसऱ्या दिवशी तनू आमच्या नातीला, अक्षराला घेऊन येणार होती, आणि अक्षरा पाच वर्षांची, दिसेल ते उचलते. माझ्या तोंडी रामरक्षा चालू होती, पण मधल्या ओळी गळत होत्या.

बाराच्या सुमारास हे खुर्चीत बसले. म्हणाले, मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता, तो मीच ठेवला होता ना? ठेवला यांनीच होता, पण मी सोफ्याच्या उशा लावत राहिले. यांचे थोरले भाऊ शेवटी सख्ख्या मुलांना ओळखत नव्हते, त्याची सुरुवातही अशीच झाली होती. तो विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

"ज्याला काडतुसं मोजता येत नाहीत, त्याने बंदूक ठेवू नये," असं म्हणून यांनी फोन घेतला. बंदूक विकत घेता का, असं दुकानदाराला विचारायला.

पट्ट्यात काडतुसं सैल का झाली, हे मला सकाळपासून ठाऊक होतं. सांगायची हिंमत होत नव्हती, आणि काडतूस सापडलं की सांगायची गरजच पडणार नाही असं वाटत होतं. पण यांना नंबर लावताना पाहिलं आणि चौरंग डोळ्यांपुढे आला. चष्मा न लावता, दोन्ही हातांनी फुलं गोळा केली होती मी. काडतुसं केशरी, झेंडूही केशरी.

"अहो, फोन ठेवा. तुम्ही चुकला नाहीत. चिंध्या मी काढल्या."

"कुठल्या चिंध्या?"

"पट्ट्यातल्या. तेलकट होत्या. पूजेला तशा कशा ठेवणार?"

"वैजू, सोळा बोअरला अख्ख्या इंग्लंडमध्ये मिळालेली तेवढीच अ‍ॅक्सेसरी होती ती."

सैल झालेलं काडतूस फुलांबरोबर निर्माल्यात गेलं असणार, हे सांगितलं तेव्हा मात्र यांचा चेहरा उतरला. पिनरचा नंबर यांनीच लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिकडे मिलिंदरावांच्या बायकोने, श्यामलाने घेतला. हे बागेतच आहेत म्हणाली. उद्या पाऊस आहे, म्हणून आजच यंत्र काढलंय. मागे घरघर ऐकू येत होती.

"श्यामला, आधी ते यंत्र बंद करायला सांग. कारण मग सांगते."

तिने फोन तसाच टाकला. घरघर चालूच. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग घरघर थांबली.

आम्ही तशीच गाडी काढली आणि आमच्या एजवेअरहून पिनर गाठलं. दोन पिशव्या यंत्रात गेल्या होत्या, आमची तिसरी. हिरवळीवर वर्तमानपत्र पसरून हे गुडघ्यांवर बसले आणि फूल न फूल बाजूला करू लागले. मिलिंदराव लांब कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी आधी सांगा, मी हेल्मेट घालतो." कोणी हसलं नाही.

ते तळाशी होतं. बुडाच्या पितळेवर माझं गंध तसंच होतं. यांनी ते रुमालाने पुसलं, "चौदा," म्हणाले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं गुडघा धरला. हात द्यायला गेले तर यांचे डोळे भरलेले.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी रिकामा पट्टा ठेव पूजेला."

पुढच्या वर्षी म्हणाले, म्हणजे बंदूक राहणार. मी हो म्हटलं, गॅसचा विषय मात्र काढला नाही.