आबांचा डावा हात

आमच्या दुकानात माणूस अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला ठेवतो, आणि त्याच्याबरोबर एखादा किस्सा पण ठेवून जातो. अ‍ॅम्प्लिफायर आज ना उद्या घेऊन जातो. किस्सा मात्र कुणी परत मागायला येत नाही. शिवाजी पेठेत माझं एवढंसं दुकान. एका बाजूला ट्रान्सफॉर्मर, एका बाजूला जुने टेपडेक, आणि उरलेल्या जागेत हे किस्से. झाडून काढावेत म्हटलं तरी निघत नाहीत.

आजचे सगळे एकाच सबवूफरचे, म्हणजे नुसता जाड आवाज काढणाऱ्या स्पीकरचे आहेत. एका सबवूफरचे एवढे किस्से? ऐकणाऱ्याला वाटेल आण्णा फुगवायला लागला. फुगवत नाही बाबा! आमची मंडळीच तसली आहेत.

मंडळी म्हणजे किती, तर तीन टाळकी. एक मी, आण्णा. दुसरा संभा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. तिसरे रफीकभाई, दोन गल्ल्या सोडून त्यांचं सुतारकाम. स्पीकरची खोकी करावीत तर त्यांनीच. रविवारी सकाळी संभाच्या घरी जमायचं, चहा प्यायचा, गाणी ऐकायची आणि एकमेकांची अक्कल काढायची. झाला आमचा क्लब!

*

संभाकडं साधा दोन चॅनलचा अ‍ॅम्प आणि दोन छोटे स्पीकर. खोली लहान, त्यामानानं आवाज झकास. कुणाची तक्रार नव्हती.

मग आले आबा. संभाचे वडील, नेसरीकडचे. सारी हयात गावच्या भजनात पखवाज वाजवला. म्हणणारे बुवा वारले, भजनी मंडळ मोडलं, आबांचे गुडघे गेले, तेव्हा संभानं त्यांना कोल्हापूरला आणलं. पखवाज पण आला. पण खुंटीला जो अडकवला, त्याची खोळ काही सुटली नाही. आबा दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. बोलणं एवढं कमी, की नुसतं हूं म्हणाले तरी सुनीताला, म्हणजे संभाच्या बायकोला, वाटायचं आज तब्येत बरी दिसते!

संभानं गावाकडनं एक जुनी कॅसेट मिळवली. देवळातलं भजन, बुवा म्हणतायत आणि आबा वाजवतायत. मी ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. रविवारी सगळे बसलो, आबांना मधोमध बसवलं, आणि संभानं बटण दाबलं.

आबांनी निम्मा अभंग ऐकला. मग म्हणाले, "कोन वाजीवतोय ह्यो?"

"तुमीच की आबा!"

"मी?" आबांनी परत कान दिला. "मी न्हवं ह्यो. ह्येला डावा हातच न्हाय."

आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले!

म्हातारा चुकत नव्हता हो. पखवाजाचा घुमारा सगळा डाव्या तोंडातला, आणि त्या छोट्या स्पीकरातून नुसतं उजव्या हाताचं टक टक ऐकू येत होतं. संभा मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "आण्णा, मी त्यास्नी गावाकडनं उचलून आणलं. आता सोताचं वाजीवणंबी वळखंनात. माझा जीव तुटायलाय बगा. कायबी करा, पन त्यो डावा हात आना."

मी म्हटलं, "सबवूफर लागंल."

*

सबवूफर म्हटल्यावर खोकं आलं. मी एकच चूक केली, संभाला सांगितलं की खोकं थरथरता कामा नये. जेवढं घट्ट तेवढं चांगलं.

पॅटर्नमेकरला हे सांगायचं असतं होय? गडी महिनाभर गप्प. मग एक दिवस माझ्या दुकानासमोर टेम्पो उभा राहिला. वर संभा छाती काढून उभा, आणि त्याच्या पायाशी बिडाचं, ओतीव लोखंडाचं खोकं! बिडाचं! नमुना स्वतः केलेला, फाउंड्रीच्या मालकाला गळ घालून ओतून घेतलेलं, कडा गुळगुळीत घासलेल्या, पुढं स्पीकरचं भोक अगदी गोल. काम बघत राहावं असं.

पण चार माणसांनी ते टेम्पोतनं खाली घेतलं आणि तिथंच हात टेकले. संभाचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी.

रफीकभाईंनी सगळीकडनं फिरून बघितलं, बोटानं टिचकी मारली आणि शांतपणे विचारलं, "संभा, ह्ये घरात बसवायचं हाय, का घर ह्येच्यावर बसवायचं हाय?"

ते खोकं अजून माझ्या दारात आहे. गिऱ्हाइकं त्याच्यावर बसून चहा पितात. थरथरत नाही, हे मात्र खरं.

*

शेवटी रफीकभाईंनी जाड प्लायवूडचं खोकं केलं. ते घेऊन आम्ही गल्लीतनं चाललो, तर तालमीतली पोरं धावत आली. "संभादा, डीजे घेतलासा व्हय? मिरवणुकीला आमाला द्यायचा हां!"

संभा म्हणाला, "आरं भजनासाठी हाय."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातला एक हळहळून म्हणाला, "वाया घालवलासा की!"

*

आता जोडणी. जुना दोन चॅनलचा अ‍ॅम्प, त्याला सबवूफरसाठी वेगळी जागा नाही. पण अडत काही नाही. जिथं स्पीकरच्या वायरी लागतात तिथूनच आणखी वायरी काढून सबवूफरला द्यायच्या. त्याचा अ‍ॅम्प त्याच्या पोटात असतो, तो त्यातला जाड आवाज तेवढा घेतो. दहा मिनिटांत जोडून झालं. मी म्हटलं, "आता बटण हळूहळू..."

संभा कुठला ऐकतोय! गर्रकन फिरवलं शेवटपर्यंत.

पहिला ठोका पडला आणि खालच्या मजल्यावर पाटीलकाकूंच्या फळीवरचे डबे वाजले. सगळे. ओळीनं. काकू पदर खोचून वर आल्या. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही.

काकू दारात उभ्या राहिल्या, खोलीभर बघितलं आणि म्हणाल्या, "बसलाय काय असं? भूकंप झालाय! आबास्नी उचला आदी!"

*

आवाज मोठा झाला, पण नीट नाही झाला. नुसता घुमायचा, पाण्याच्या टाकीत डोकं घातल्यासारखा. त्याचं कारण जागा. सबवूफर खोलीत कुठं ठेवता त्यावर सगळं असतं. आणि ती जागा शोधायची आमच्या धंद्यात एक रीत आहे: माणूस जिथं बसतो तिथं सबवूफर ठेवायचा, आणि माणसानं खाली रांगत खोलीभर हिंडायचं. जिथं आवाज स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा.

संभाला मी हे सांगितलं आणि दुकानात आलो. पुढचं सुनीतानं सांगितलं.

दुपारी तिचे वडील माहेराहून आले, न कळवता. दार उघडं. आत बघतात तर आबांच्या खुर्चीत मोठं काळं खोकं बसलेलं, आबा पलंगावर, आणि जावई गुडघ्यावर रांगत, कान जमिनीला लावून कपाटाच्या मागं चाललेला.

सासरे चप्पल न काढता तसेच उभे. मग जरा अदबीनं विचारलं, "जावईबापू, काय हरावलंय काय?"

संभा आपल्याच नादात. मान वर न करता म्हणाला, "आबांचा डावा हात हुडकायलोय."

सासऱ्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी दोन्ही हात वर करून दाखवले!

*

मधेच एकदा अ‍ॅम्प बंद पडायला लागला. अर्धा तास चालायचा आणि गप्प. संभा रडकुंडीला आला. मी म्हटलं, वायरी चुकल्या असतील, आणि घरी गेलो बघायला.

अ‍ॅम्पवर पातेलं. पातेल्यावर झाकणी. झाकणीवर टॉवेल.

"सुनीता, हे काय गं?"

"विरजान लावलंय आण्णा. थंडीचं दही लागंना झालंय. ह्यो डबा कसा दिसभर कोमट आसतोय."

अ‍ॅम्पची हवा जायची सगळी भोकं पातेल्याखाली! तो गरम होऊन स्वतःला वाचवायला बंद होत होता बिचारा. मी चिडलो, चांगलाच चिडलो, आवाज चढवून बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वाटी पुढं केली.

खाल्लं. असलं घट्ट दही मी कोल्हापुरात खाल्लं नव्हतं.

*

जागा सापडली, कपाटाशेजारी. खालच्या काकूंचे डबे गप्प झाले. तरी आबांचं मन भरेना. रोज संभा लावायचा, रोज ते ऐकायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. संभाचं तोंड उतरलेलं. रफीकभाई एकदा हळूच मला म्हणाले, "आण्णा, म्हाताऱ्याचं वय झालं. आता नसंल वळखत. पोराला सांगा, लई मनाला लावून घ्यायलाय." मलाही तेच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग एका रविवारी भजन चालू होतं. आबा एकदम म्हणाले, "बुवा रुसलाय काय रं?"

आम्ही सगळे चमकलो. त्या पहिल्या रविवारनंतर आबांनी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य!

"का आबा?"

"मग कपाटाच्या कडंला जाऊन का म्हनायलाय त्यो?"

मी ताडकन उठलो. सबवूफरवर एक बटण असतं, कुठल्या आवाजापासून खालचं ह्यानं वाजवायचं ते ठरवणारं. ते वर राहिलं होतं, आणि बुवांचा निम्मा गळा त्या खोक्यातून येत होता! आम्ही तिघं इतके दिवस कान टवकारून बसलेलो, आणि हे एकालाही कळलं नाही. बटण हळूहळू खाली आणलं. बुवा कपाटापासून उठले आणि दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसले.

आबा म्हणाले, "हां. आता समोर आला."

पण वाजवणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. संभानं विचारायला तोंड उघडलं. मी त्याचा गुडघा दाबला.

*

त्याच्या पुढच्या रविवारी मी फक्त सबवूफरचा आवाज जरा कमी केला. आम्ही आपले हौसेनं जास्तच ठेवत होतो. देवळातला पखवाज तेवढा कुठं असतो? सुनीतानं सगळ्यांना पोहे दिले. संभानं भजन लावलं आणि आबांकडं बघायचं नाही म्हणून भिंतीकडं तोंड करून बसला.

अभंग सुरू झाला. उजवा हात टक टक करत आला, आणि त्याच्या खालनं डावा हात. धुम. गुबगुबीत, खोल, अगदी शेजारी बसून वाजवावा तसा.

पहिला अभंग संपला तेव्हा आबा म्हणाले, "ह्यो मी."

एवढंच. संभानं बाहीला डोळे पुसले. रफीकभाई दाढी खाजवत छताकडं बघत बसले. मला पण भरून आलं, आणि आलं तर आलं.

दुसरा अभंग चालू झाला. आबांनी स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली, "सुनीता, कनीक मळलीयास काय?"

"आत्ताच पोहं खाल्लंसा की आबा. भूक लागली व्हय?"

"गोळा आन. लिंबाएवढा."

ती कणकेचा गोळा घेऊन आली. आबांनी खुंटीकडं बोट दाखवलं. संभा धडपडत उठला, पखवाज काढला, खोळ सोडली आणि आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी वाद्या हातानं चाचपून बघितल्या. मग घुमारा यावा म्हणून गोळा डाव्या तोंडावर मधोमध थापला, अंगठा ओला करून कडेनं बसवला, आणि एक थाप मारली. मान हलवली. चिमूटभर कणीक काढून सुनीताच्या हातात परत दिली. पुन्हा थाप मारली.

तिकडं अ‍ॅम्पवर बुवा म्हणतच होते. संभाला वाटलं, आबांना साथ करायचीय. आनंदानं त्यानं आवाज वाढवायला हात घातला.

"बंद कर त्ये," आबा म्हणाले.

"आवो आबा, बुवा म्हनायल्यात की!"

"बुवाचं काय न्हाय रं," आबा वैतागून म्हणाले. "त्यो आतला पखवाजवाला मधी मधी यायलाय!"