जयगडच्या प्रिंटमधली क्रेन

"ताई, ही क्रेन काढा," सलीमभाई म्हणाले. "सुट्टीला आलेल्या माणसाला क्रेन कशाला दाखवायची?"

सलीमभाई बरीच वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर त्यांनी जयगडच्या आपल्या घरात होमस्टे सुरू केला. खोल्यांत लावायला त्यांना माझे प्रिंट हवे होते. माझा रत्नागिरीत छोटा स्टुडिओ आहे. आजूबाजूला दिसतं ते मी लिनोवर कोरते आणि छापते. त्यांच्याच ओट्यावर बसून मी स्केच केलं होतं. पुढे होड्या, मागे पोर्टची क्रेन. आता पहिला प्रूफ, म्हणजे कच्चा छाप, त्यांच्या हातात होता.

"पण इथून दिसतेच ती," मी म्हटलं.

"दिसते म्हणून भिंतीवर लावायची काय?"

लिनो म्हणजे कोरता येईल अशी मऊ शीट. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेल्याला शाई लागते. त्यामुळे चित्रातली वस्तू काढून टाकणं अगदी सोपं. मला क्रेन आवडली होती, पण घर त्यांचं होतं. मी ती कोरून टाकली. मागे नुसतं आकाश राहिलं. प्रिंट छापले, फ्रेम होऊन भिंतींवर लागले.

काही आठवड्यांनी फोन आला. "ताई, क्रेन परत घालता येईल?"

"कोरलेलं परत भरत नाही, सलीमभाई. काय झालं?"

"माझा मोठा भाऊ, युसूफ, पोर्टवर क्रेन चालवतो. काल जेवायला आला. चित्र बघून म्हणाला, माझी क्रेन कुठे गेली? मी म्हटलं, पाहुण्यांना आवडत नाही. तसाच उठून गेला. मी तिकडे होतो तेव्हा हे घर त्यानेच सांभाळलं हो."

सगळा ब्लॉक, म्हणजे कोरलेली शीट, नव्याने कोरायला वेळ नव्हता. मी आकाशाचा तेवढा चौकोन कापून काढला, त्याच मापाचा नवा तुकडा चिकटवला आणि प्रूफ बघून त्यावर क्रेन पुन्हा कोरली. तुकडा बसला, पण जोड पूर्ण लपेना. छापल्यावर क्रेनशेजारी केसाएवढी शाईची रेघ उमटायची. दोनदा घासून बघितलं, मग नाद सोडला.

हॉलमधला प्रिंट बदलायला मी स्वतः गेले. सलीमभाईंनी भावाला बोलावून घेतलं होतं. युसूफभाई चित्राच्या अगदी जवळ गेले. क्रेनच्या केबिनवर बोट ठेवून म्हणाले, "मी इथे बसतो." मग विचारलं, "आणि ही रेघ कसली?"

"जोड आहे. नाही लपला."

"असू दे. आमच्या क्रेनलाही पुष्कळ जोड आहेत," ते म्हणाले आणि सलीमभाईंकडे वळले. "काय रे, चहा तरी विचारशील की नाही?"

आता प्रूफ दाखवला की मी क्लायंटला विचारते, घरातल्या सगळ्यांनी बघितला का? काहींना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण ब्लॉकला ठिगळ लावण्यापेक्षा तो विचारणं सोपं आहे.