त्या दिवशीचं आभाळ

बाबांचा फोन रोज सकाळी सातला यायचा आणि त्यात फक्त आभाळाची बातमी असायची. "आज साफ हाये." नाहीतर, "सातपुड्यावर आभाय हाये, पन पडनार नाही." इकडे बंगळूरला मी दात घासता घासता हो हो म्हणायचे. मी हवामानाचे उपग्रह बनवते असं त्यांना सांगितलं होतं. म्हणून वरून दिसतं ते आणि खालून दिसतं ते जुळतं का, याची खातरजमा ते बिचारे जळगाव जामोदजवळच्या आमच्या गावातून, ओट्यावर उभे राहून करत. पेरणीच्या तोंडावर गावातले लोकही त्यांनाच विचारत, पोरगी काय म्हणते?

खोटं मी हौसेनं बोलले नव्हते. आमचा उपग्रह फौजेसाठी होता आणि घरी बोलायची बंदी होती. बाबांच्या फौजेतल्या लोखंडी पेटीएवढाच होता तो. प्रयोग म्हणून एकच बनवला होता. डोंगरात बसलेल्या तुकडीच्या प्रमुखानं हातातल्या यंत्रावरून विचारायचं, या टेकडीमागे काय आहे? उपग्रह डोक्यावरून जाता जाता, सात-आठ मिनिटांत, फोटो थेट त्याच्या हातात. आधी दिल्लीला विचारा, मग उत्तराची वाट बघा, ही भानगडच नाही.

हे काम मी का धरलं, तेही सांगते. बाबा हवालदार होते. मी दुसरीत होते तेव्हा सरहद्दीवरच्या एका चौकीवर दहा जवान त्यांच्या हाताखाली होते. त्यातला एक सुलतानपूरचा, आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून बाबांचा जास्तच लाडका. ती गोष्ट बाबा तीन वाक्यांत संपवायचे. "म्या म्हनलं, टेकडीपल्याड पाहून ये. थो गेला. आला नाही." मग शेताच्या धुऱ्यावरून, बांधावर उभे राहून, सातपुड्याकडे बोट करून म्हणायचे, "मानसाले टेकडीपल्याड दिसत नाही वं बाई. कोनालेच नाही." त्या एका वाक्याच्या आधारावर ते जगत होते. दर दिवाळीला एसट्या बदलत सुलतानपूरला जायचे, त्या जवानाच्या आईला लुगडं द्यायचे आणि तिच्या हातची भाकर खाऊन यायचे. तीही त्यांना हेच म्हणायची, "तुले काय दिसत होतं बाबू?"

आणि मी मोठी दीडशहाणी! मला वाटलं, बापाच्या काळजातला काटा आपण काढू.

उपग्रह वर गेला, नीट चालला आणि त्याची बातमी पेपरात आली. बंदी तेवढ्यापुरती उठली. मी रजा टाकली, शेगावला उतरून एसटी धरली आणि जेवायच्या वेळेला घरी पोचले. बाबांच्या ताटाशेजारी पेपर पसरला आणि जेवढं छापून आलं होतं तेवढंच सांगितलं. पण काय तोऱ्यात सांगितलं, बाप्पा! बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"टेकडीपल्याडचं दिसते?"

"दिसतं, बाबा."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणाले.

ते पेपराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"म्हंजे वरून दिसते," ते म्हणाले. "मंग म्या विमान मांगाले पाह्यजे होतं. वरून पाहाले सांगाले पाह्यजे होतं. म्या मांगलंच नाही. सीधं त्यालेच धाडलं."

"अहो बाबा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती!" मी म्हणाले. पण ते हात धुवायला उठले होते. आईनं वाढलेलं पिठलं ताटात तसंच राहिलं.

त्यानंतर सकाळचा फोन बंद झाला. मी लावला तर आई उचलायची. दिवाळीत आईनं लुगडं आणून ठेवलं, एसटीची वेळ विचारून ठेवली. "कोन्या तोंडानं जाऊ?" बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. एवढा दणकट माणूस आतून खचत गेला, आणि खचवणारी कोण, तर त्यांची लाडाची लेक. होळीच्या आधी ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणोत बापडे.

तेरवीला शेगावहून त्यांच्या चौकीवरचा एक जुना जोडीदार आला. पंगत उठल्यावर मी त्याला विचारलं, काका, त्या दिवशी काय झालं होतं नेमकं? इतक्या वर्षांत हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

"काय होनार, बाई? तीन दिवसांचं धुकं होतं," तो म्हणाला. "आभायच टेकलं होतं चौकीवर. आपला हात आपल्याले दिसे ना. विमान उडत नव्हतं, म्हनून त मानूस धाडा लागला. तुह्या बापाची काहीच चुकी नव्हती."

मी न्हाणीत गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. आमचा कॅमेरा साधा आहे हो. ढगापलीकडचं त्याला ढिम्म दिसत नाही. आलेल्या फोटोंतले निम्मे नुसते पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे, आणि ऑफिसात आम्ही त्यावर हसायचो. हे ठाऊक असून मी बापाला छाती फुगवून 'सगळं' म्हणाले, आणि त्यांनी त्यात धुक्यापलीकडचंही धरलं. त्या दिवशी आमचा उपग्रह वर असता तरी त्यालाही टेकडीपल्याड दिसलं नसतं. बाबांचंच खरं होतं. वर्षानुवर्षं ज्यांनी मला रोजचं आभाळ सांगितलं, त्यांना त्या एका दिवसाचं आभाळ मी विचारलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

यंदाच्या दिवाळीत ते ठेवलेलं लुगडं घेऊन मी सुलतानपूरला गेले. म्हातारीला आता नीट दिसत नाही. तिनं लुगड्यावरून हात फिरवला आणि मी कोणाची, ते ओळखलं. बाबा गेल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं.

"गेल्या साली भाकरी करून ठेवल्या होत्या म्या," ती म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत वाट पाह्यली. काऊन नाही आला वं थो?"