लोड कुणी टाकला?

आजऱ्याजवळच्या आमच्या शेतघरात वीज फक्त सोलरची. इन्व्हर्टर बंद पडला, की कोल्हापूरहून मेकॅनिक येतो आणि फाटकातूनच ओरडतो, "पावणं, लोड कुणी टाकला?" बॅटरीत पाणी घालायचं राहिलं, तर म्हैस तहानलेली ठेवल्यासारखा झापतो. हीटरला तर त्यानं पहिल्याच दिवशी बंदी घातलेली.

गेल्या आठवड्यात इन्व्हर्टर रोज सकाळी बंद पडायला लागला. शोधता शोधता मेकॅनिक न्हाणीत शिरला. चूल गार होती आणि बादलीत पाणी तापवायचा रॉड. आई दारात अपराध्यासारखी उभी. तो गरजला, "मशीनच म्हातारं झालंय, मावशी!"

मग मला फाटकापाशी नेऊन पहिल्यांदाच हळू बोलला, "आईस्नी चुलीचा धूर सोसंना झालाय. तुमास्नी बोलल्या न्हाईत व्हय?"