कपाळाची उजवी बाजू

मला एका जागी बसवत नाही. खोड जुनीच आहे. आई म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा कूस बदलत राहायची. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, तेही वर्गभर फिरत. मुलं माझ्यामागे मला ‘पंखा’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या हिवाळ्यापासून या खोडीला नवीन शेपूट फुटलंय. बाबांनी फोन उचलायला दोन रिंगा जास्त लावल्या, तरी मी चपला शोधायला लागते.

बाबा अमरावतीत राहतात. त्यांनी आयुष्यभर पौरोहित्य केलं. लग्नं, मुंजी, सत्यनारायण आणि लोकांच्या घरची दहावी-तेरवी. आईला लकवा मारला तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. चौदा महिने ती अंथरुणावर होती आणि त्यांनी तिचं सगळं एकट्याने केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. सलग झोप अशी नाहीच. मी शनिवारी बसने जायची आणि रविवारी भांडून परत यायची. मदतीला बाई ठेवू म्हटलं की ते म्हणत, “तिले दुसऱ्याचा हात नाही चालत. तू कावून जीव खाऊन राहिली?” त्या चौदा महिन्यांत त्यांना साधी सर्दी झाली नाही. आमचे बाबा लोखंडाचे आहेत, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायची. मूर्खच होते मी.

आई गेली. घरात मुलगा नाही आणि असता तरी बाबांनी ते त्याच्यावर सोपवलं असतं असं नाही. क्रिया त्यांनी स्वतः केली. दहाव्या दिवशी न्हावीकाका आले. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून हे काका आमच्याकडे येतात. बाबांच्या यजमानांकडे दहावा असला की तिथेही तेच. अंगणात पाटावर बसवून त्यांनी बाबांचे केस उतरवले, शेंडी तेवढी ठेवली. नेहमीपेक्षा वेळ फार लावला. माझं आत-बाहेर चाललं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

अकराव्याला बाबांचं कपाळ लाल दिसलं. बाराव्याला त्यावर बारीक फोड आले. “वस्तऱ्याची आग आहे,” बाबा म्हणाले. ताज्या भादरलेल्या डोक्याला असं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. आईच्या दिवसांसाठी येऊन राहिलेल्या मावशीने चंदन उगाळून लावलं. आणि मी काय केलं? फोन उचलला आणि काकांना झापलं. वस्तरा धुतला होता का, पातं नवीन होतं का, इतकी वर्षं काम करता आणि एवढं कळत नाही का? पलीकडून ते एवढंच म्हणाले, “चुकलं असन, ताई.” त्या नरमाईने मला आणखीच चेव आला. “तेरवीला येऊ नका,” मी म्हटलं. ते आले नाहीत. मी मात्र तेरवीच्या पंगतीत वाढता वाढता येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या निष्काळजीपणाची गोष्ट सांगत होते.

चौदाव्या दिवशी मी अकोल्याला परतले आणि थेट वर्गावर गेले. घरी बसून काय करायचं होतं? धडा रोगप्रतिकारशक्तीचा होता. मी फळ्यावर माणसाचं धड काढलं आणि छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर, थायमस ग्रंथी दाखवली. हा भाग मी नेहमी रंगवून सांगते. ही टी पेशींची शाळा. आपलं कोण आणि परकं कोण, हे इथे शिकवलं जातं. निकाल आमच्या कॉलेजसारखा सढळ नाही, बहुतेक पेशी नापास होतात आणि मरतात. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आटत जाते आणि म्हातारपणी नावापुरती उरते. मग जुन्या शिकलेल्या पेशींवरच भागवावं लागतं. त्यात माणूस महिनोन् महिने ताणात असला, तर त्या ताणाची संप्रेरकं त्या पेशींचाही जोर कमी करतात. पहारा ढिला पडतो.

“उदाहरण सांगते,” मी म्हटलं. “लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण तो विषाणू जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी लपून राहतो, साठ-सत्तर वर्षंसुद्धा. पहारा ढिला पडला की त्याच मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. त्यालाच आपण नागीण म्हणतो. आधी आग होते, मग फोड येतात. आणि ओळखायची खूण अशी, की ती शरीराच्या एकाच बाजूला...”

माझा खडू थांबला. बाबांचं कपाळ मला जसंच्या तसं दिसलं. सगळे फोड उजवीकडे. डावी बाजू स्वच्छ, मधोमध रेघ मारल्यासारखी. वस्तरा काय अर्ध्याच डोक्यावरून फिरला होता? दरवर्षी मी हेच वाक्य शिकवत आले आणि दोन दिवस त्या कपाळाला चंदन लागताना पाहत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

व्हरांड्यात येऊन फोन लावला. “बाबा, आरशासमोर जा. डावीकडे एक तरी फोड आहे?”

“नाही.”

“नाकावर?”

“शेंड्यावर एक आहे. डोळाबी चुरचुरून राहिला सकाळपासून.”

कोणता डोळा, हे विचारायची गरज नव्हती, उजवाच. बाबांना डाव्या डोळ्याने लहानपणापासून अंधुकच दिसतं. पोथी, पंचांग, रस्ता, सगळं उजव्यावर. मावशीला त्यांना घेऊन ताबडतोब डोळ्यांच्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि मी बस पकडली. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. मी खाली उतरून त्याच्या कपाकडे बघत उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, “बाई, तुमी असं पाहून राहिल्या तं मले गिळवत नाही.” अर्धा चहा टाकून तो उठला. मला त्याची दया आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणि थेंब तोवर सुरू केले होते. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका असतो, असं त्या म्हणाल्या. दोन दिवस आधी यायला हवं होतं, असंही म्हणाल्या. हे ताणानेच झालं का, हे मी त्यांना तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं, वयाने होतं, ताणाने होतं, नक्की कोण सांगणार? मला नक्की हवं होतं. नक्की असतं तर कोणावर तरी ओरडता आलं असतं.

डोळा गेला नाही, पण पहिल्यासारखाही राहिला नाही. बुबुळावर एक धुकट डाग राहिला. बाबा आता मोठ्या अक्षरांची पोथी भिंग धरून वाचतात आणि चुकतात. चुकले की पाठ असलेलंच म्हणतात.

महिन्याभराने मी काकांच्या दुकानात गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, माफी तर मागायलाच हवी होती. मला दारात पाहून ते खुर्ची पुसायला लागले. मी म्हटलं, “काका, माझं चुकलं. ती नागीण होती, वस्तऱ्याचं काही नव्हतं.”

“मले मालूम होतं, ताई.” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “वस्तरा लावाच्या आधीच महाराजाइले उजव्या बाजूले हात सहन होत नव्हता. पाणी लावलं तं डोळे भरून आले. मी ईचारलं, तं म्हणे, दोन दिवसापासून आग होऊन राहिली. पोरीले सांगशील तं माह्या गळ्याची आन आहे. तुमी फोन केला तवा तोंडावर आलं होतं माह्या. पन आन घातली होती नं.”

माझ्या शिव्या खाऊन हा माणूस गप्प राहिला होता. मला तिथे उभं राहवेना. तशीच घरी आले. बाबा पोथीपुढे बसले होते.

“दहाव्याच्या आधीपासून आग होत होती. मला का नाही सांगितलं?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “सांगितलं असतं तं तू मले त्याच घडीले दवाखान्यात टाकलं असतं. टाकलं असतं का नाही?”

“टाकलंच असतं.”

“मंग तिचं राहिलेलं कोनं केलं असतं?”

“अहो, तुमचा चांगला डोळा एकच होता, बाबा.”

“तीबी एकच होती,” ते म्हणाले, आणि पुढ्यातलंच भिंग हाताने चाचपडून शोधायला लागले.