चालून जाईल

“तसं न्हाई सर. रागानं लावा. बायकोशी भांडून क्लासला निघालात, असं समजा.”

लातूरच्या एका केमिस्ट्रीच्या सरांना, त्यांच्याच अंगणात, त्यांच्या बायकोदेखत आमचे काका हे सांगत होते. सरांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि आपल्या छोट्या हॅचबॅकचं दार धाडकन लावलं. काकांनी मान तिरकी करून तो आवाज विरेपर्यंत ऐकला. मग समाधानानं म्हणाले, “हाव. आता कळलं. प्रेमानं लावलं तर कुठलंबी दार चांगलंच वाजतं.”

जुनी गाडी पारखणारा काकांच्या तोडीचा माणूस गोदावरी आणि मांजरेच्या मधल्या मुलखात दुसरा नाही, असं मी बेधडक लिहिते. आणि हा माणूस जन्मभर एसटीनं फिरला आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. नात्यात, ओळखीत किंवा ओळखीच्यांच्या ओळखीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की उदगीरपासून बिलोलीपर्यंत कुठूनही फोन येतो आणि काका कापडी पिशवी खांद्याला लावून स्टँड गाठतात. पिशवीत मावशीनं बांधून दिलेल्या दशम्या, एक टॉर्च आणि फुटक्या स्पीकरमधून काढलेलं, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. हे चुंबक ते गाडीच्या अंगावरून असं फिरवतात, की पाहणाऱ्याला वाटावं गाडीला ताप आहे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, म्हणजे गाडी कुठेतरी आपटून आलेली असते. पण काका कुणावर आरोप करत नाहीत. त्या जागेवर हात ठेवून मायेनं विचारतात, “इथं काय दुखलं होतं हिला?” या प्रश्नापुढे भलेभले विरघळतात. अहमदपूरच्या एका व्यापाऱ्यानं तर “एक ओरखडाही नाही” अशी सुरुवात करून पाच मिनिटांत म्हैस, पूल आणि मेहुण्याचा हात मोडणं, सगळं सांगून टाकलं होतं.

सरांची ती गाडी माझ्यासाठी पाहिली जात होती. मी राहते नांदेडला आणि अहमदपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कॉलेजनं सकाळची जादा बॅच सुरू केली, आणि त्या वेळेला पोहोचेल अशी एसटी नाही. बाबांचं म्हणणं सरळ होतं: नोकरी सोड, नांदेडात दुसरी मिळेल. माझं म्हणणं असं होतं की मी गाडी घेईन आणि चालवत जाईन; पण माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, घरात मराठीतून वाद घालायची वेळ आली की मला शब्द सापडतात ते जेवणं उरकल्यावर. शेवटी आईनं माझी बाजू घेतली, तेव्हा बाबा एका अटीवर तयार झाले. “दाजींनी ‘घ्या’ म्हटलं तर घेऊ,” ते म्हणाले आणि निवांत पेपर वाचायला बसले. आईच्या पाठोपाठ बाबाही काकांना दाजीच म्हणतात. त्यांच्या निवांतपणाचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी आजवर कधीच, कुठल्याच गाडीला ‘घ्या’ म्हटलेलं नाही.

त्यांचं सर्वोच्च प्रमाणपत्र म्हणजे ‘चालून जाईल’. मावशीचा स्वयंपाक चालून जाईल, नवीन उड्डाणपूल चालून जाईल. माझ्या मावसबहिणीनं स्वतः पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्याशी तासभर बोलून काकांनी त्याच्यासमोरच निकाल दिला होता, “चालून जाईल.” जावई अजूनही फोनवर “चालून जाईल बोलतोय” अशी सुरुवात करतो. काका कोणत्याही वस्तूवर बोटाचं पेर वाजवल्याशिवाय तिच्याविषयी मत देत नाहीत. टरबूज, कपाट, पाण्याची टाकी, सगळ्यांना ही परीक्षा द्यावी लागते. लग्नाला गेले की आधी हॉलचा खांब वाजवतात आणि मग थेट दाराजवळची खुर्ची धरतात. वधूपक्षाला वाटतं, हे रुसले. मग कुणीतरी पुढच्या रांगेत बसवायला येतं आणि काका त्याला खांबाविषयी सांगत बसतात.

असं का, हे मला मावशीनं एकदा वाटाणे सोलता सोलता सांगितलं होतं. लातूरकडे भूकंप झाला तेव्हा काका खात्यात नवीन होते. खेड्याखेड्यात जाऊन उभी राहिलेली घरं तपासायची आणि कुठलं राहण्याजोगं आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. भिंती वाजवत, तडे बघत ते फिरायचे. एका घराला ते म्हणाले, “राहा.” त्याच रात्री पुन्हा हादरा बसला आणि त्या घराची भिंत आत कोसळली. कुणाला काही झालं नाही, कारण घरातल्या म्हातारीनं इंजिनिअरचं न ऐकता सगळ्यांना अंगणातच झोपवलं होतं. काका सकाळी तिच्या पाया पडून आले. त्यानंतर कित्येक महिने ते खात्याच्या जीपमध्ये झोपले. “अजूनबी छपराखाली गाढ झोप न्हाई त्यांना,” मावशी म्हणाली. “ट्रक गेला तरी उठून बसतात. आणि ‘राहा’, ‘घ्या’ असं छातीठोक बोलणं तर तेव्हापासून तोंडातून गेलंच.”

म्हणून त्यांची शेवटची परीक्षा मला कधी हास्यास्पद वाटली नाही, जरी सगळे तिला हसतात. सगळं बघून झालं की काका पुढची सीट मागे पाडतात, चष्मा खिशात ठेवतात आणि गाडीत आडवे होतात. विकणारा बाहेर उन्हात ताटकळतो. पाच-दहा मिनिटांनी काका उठतात, कारण डोळा लागलेला नसतो, आणि म्हणतात, “चालून जाईल.” माझ्यासाठी आधी पाहिलेल्या अहमदपूरच्या गाडीला हेच झालं. नांदेडला पाहिलेली तर झोपेपर्यंत पोहोचलीच नाही. ती इतकी चकचकीत होती की बाबासुद्धा दोन पावलं पुढे झाले होते. काकांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार मुळापर्यंत. शेवटच्या वितीवर वाळलेल्या गाळाची रेघ निघाली. “हिची गंगेत अंघोळ झालीय,” काका हळूच म्हणाले. गोदावरीच्या पुरात उभी राहिलेली गाडी होती ती.

सरांची गाडी मात्र मला फाटकातून दिसली तेव्हाच आवडली होती. बरीच जुनी, लहानखुरी, पण जड दारांची; मोठ्या गाडीचा ऐवज छोट्या गाडीत बसवलेला. सर वर्गात शिकवावं तसं शिकवत होते. “तीन मुद्दे लक्षात घ्या. एक, बॉडी भक्कम. दोन, सहा एअरबॅग. तीन, रनिंग कमी. घर ते क्लास, क्लास ते घर.”

“तिसरा मुद्दा कटला सर,” काका म्हणाले. “इंजिन गरम व्हायच्या आत तुमचा क्लास येतो. बिचारीला कधी मोकळं पळू दिलं न्हाई.”

वाक्य गाडीबद्दल होतं, पण मी उगाचच ओढणी सारखी केली.

मग दोष निघत गेले. हेडलाइट पिवळे पडले होते, दारांचे रबर कडक झाले होते, गाडी बुडाला खाली होती. पार्ट हैदराबादहून मागवावे लागतील, काका म्हणाले. बाबा प्रत्येक दोषाला मान डोलवत होते. सीटबेल्ट मात्र स्वच्छ निघाला आणि चुंबक सगळीकडे घट्ट चिकटलं. मी गाडी चालवून पाहिली, तेव्हा नेमके क्लास सुटले होते. पाठीवर दप्तरं घेतलेली शेकडो पोरं सायकली आणि स्कूटींवरून रस्ताभर पांगली होती. बाबांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं. मी कुणाला धक्का न लावता बाहेर पडले आणि पुढे मोकळ्या रस्त्यावर गाडीला जरा पळू दिलं. मागच्या सीटवर काका डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

परत आल्यावर त्यांनी सीट पाडली, चष्मा काढला, आडवे झाले. जड दार बंद झालं आणि बाहेरचा गलका आत जायचा थांबला. दहा मिनिटं झाली. सरांच्या बायकोनं चहा आणला. अर्धा तास झाला. सरांना फोन आला, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणाले. फाटकाबाहेरून विटांचा ट्रक खडखडत गेला, इतका जोरात की बशीतला चमचा वाजला. मी काचेतून आत पाहिलं. काका हललेही नव्हते. तोंड किंचित उघडं होतं, एक हात छातीवर, दुसरा खाली लोंबकळत होता. इतकी वर्षं ओळखते मी त्यांना, पण हा चेहरा मी पाहिला नव्हता. भूकंपाच्या आधी ते असेच दिसत असतील.

बाबांनी घड्याळ पाहिलं. “चला, दाजींना उठवतो. मत काही कळलं न्हाई त्यांचं, घरी जाऊन बघू,” असं म्हणत त्यांनी काचेवर टकटक करायला बोट वाकवलं.

मी त्यांचा हात धरला.

“उठवू नका, बाबा. काका ‘घ्या’ म्हणालेत.”