पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या

त्या बेटाचं नाव मी लिहिणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं आणि माझी ओळख सांगितली तर पंचाईत व्हायची. भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या जवळ आहे, एवढं पुरे.

जुलैत आई कराडहून आमच्याकडे परदेशात, कॉर्कला आली होती. मी इथे औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. इथला उन्हाळा म्हणजे अंगात स्वेटर आणि हातात छत्री. "आरं, ह्याला उन्हाळा म्हणत्यात व्हय?" आईनं विचारलं आणि त्याच दिवशी मी तिकिटं काढली. बायकोला, मुग्धाला, रजा मिळाली नाही. म्हणून आई, नऊ वर्षांची माझी लेक इरा आणि मी असे तिघेच निघालो. विमानतळावर तपासणीच्या बाईंनी आईचा दशम्यांचा डबा उघडून हुंगला आणि "ग्रँड" (म्हणजे 'ठीक आहे, जाऊ द्या') म्हणून परत दिला.

विमानानंतर बोट. बंदरापासून वर चढत गेलेलं पिवळ्या दगडाचं गाव आणि टोकाला जुना किल्ला. उन्हाळी उत्सव चालू होता. गल्लोगल्ली पताका, तळणीचा वास. आरान्चिनी (भाताचे तळलेले गोळे) खाऊन आई म्हणाली, "मिरची न्हाई, पण भात झकास."

एका दारात काळ्या कपड्यातली म्हातारी लेस विणत बसली होती. आई सरळ तिच्या पायरीवर टेकली. ना भाषा, ना ओळख, पण अर्धा तास दोघी दोऱ्याकडे बघत बसल्या. म्हातारीनं अंजिरं दिली, आईनं दशमी दिली. आईचं असंच आहे, कुठेही जा, दहा मिनिटांत तिची माणसं तयार. मी मात्र घड्याळ बघत होतो, कारण संध्याकाळी किल्ल्याच्या चौकात गाणी होती आणि मला पुढची जागा हवी होती.

पोचलो तेव्हा मागच्या रांगा भरलेल्या, आणि पहिली रांग साफ मोकळी! आता मला सांगा, कराड स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत वाढलेला माणूस काय करील? प्रत्येक खुर्चीवर तुळशीसारख्या झाडाची एकेक डहाळी होती. मधल्या तीन डहाळ्या मी उचलून खाली ठेवल्या. एका खुर्चीवर माझा रुमाल, दुसरीवर इराची टोपी, तिसरीवर आरान्चिनीची तेलकट पुडी.

"आरं, कुणासाठी तरी ठेवल्यात ह्या. डहाळ्या बघ की," आई म्हणाली.

"डेकोरेशन आहे गं. तू बस."

ती बसली नाही. उभीच राहिली. मी दोघींना तिथे सोडून सरबत आणायला गेलो.

परत आलो तर चौकात चिडीचूप. सगळे उभे. लेसवाली म्हातारी माझ्या पुडीसमोर उभी होती, हातात जमिनीवरून उचललेली डहाळी. शेजारी खांद्यावरून रंगीत पट्टा घातलेला, उत्सवाचा वयस्कर कारभारी. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "या खुर्च्या समुद्रातून परत न आलेल्यांच्या आहेत. ही यांच्या मुलाची. सामान कुणाचं?"

अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. माझी जीभ माझ्याआधी बोलली. आईकडे बोट करून मी इंग्रजीत म्हणालो, "माझ्या आईचं. म्हातारी आहे, तिला इथल्या पद्धती कळत नाहीत."

आईला इंग्रजी येत नाही. पण 'मदर' कळतं, आणि बोटही कळतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हातारीपुढे हात जोडले, पुडी उचलली आणि खुर्ची आपल्या पदरानं पुसली.

म्हातारीनं तिचा हात धरला आणि दुसऱ्या रांगेत स्वतःशेजारी बसवून घेतलं. गाणी संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही. इरा आजीच्या मांडीवर. मी मागे, भिंतीपाशी, रुमाल खिशात कोंबून. एकही गाणं आठवत नाही. लाजेनं कान गरम झाले होते, एवढं आठवतं.

परतीच्या बोटीत मी आईशी हवेबद्दल बोललो. विमानात इरा हळूच म्हणाली, "डॅड, दॅट वॉज यू." मी म्हटलं, "झोप आता."

घरी मुग्धानं विचारलं, "आई, काय काय मजा केलीत?"

"अगं, मीच येडी!" आई हसत म्हणाली. "एसटीत टाकावा तसा रुमाल टाकला की खुर्चीवर!" मुग्धाही हसली. इरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मी, काय सांगू तुम्हाला, मीही हसलो.

आई आता कराडला आहे. फोनवर कळतं की हा किस्सा तिनं वाचनालयातल्या सगळ्या मैत्रिणींना ऐकवलाय आणि सगळ्या तिला 'रुमालवाली' म्हणून चिडवतात. समोरासमोर बोलायची हिंमत अजून होत नाही. म्हणून हा लेख त्याच वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी पाठवतोय. तिथे ती चष्मा लावून आधी माझंच पान उघडेल, मग तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल. इथवर आली की तिचा आवाज अडेल. तेव्हा काकूंनो, अंक तिच्या हातातून घ्या आणि पुढची ओळ तुम्ही वाचा.

रुमाल माझा होता.